संस्कारविधी आणि तारण : ख्रिस्ती धारणा व इस्लामची शिकवण



आपल्या परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत. पालम, गंगाखेड, लोहा या पट्ट्यात वाढणाऱ्या मुस्लिम मुलामुलींचा चर्चशी संबंध बहुधा येत नाही. तो येतो तो गाव सोडल्यावर. परिचर्येच्या शिक्षणासाठी मुलगी मिरजेला किंवा जालन्याला जाते, मुलगा पुण्यात नोकरीला लागतो, खोलीत किंवा कामावर एखादा ख्रिस्ती सोबती भेटतो आणि मग रात्री घरी फोनवर प्रश्न येतात. बाप्तिस्मा घेतल्याने पाप धुतले जाते, असे ते म्हणतात. वुजूने पाप झडते, असे आपणही म्हणतो. मग फरक तो काय? अल्लाह दयाळू आहे तर त्याला पाणी कशाला हवे? आणि सर्वांत अवघड प्रश्न असा : जो सोबती मनापासून प्रार्थना करतो, कोणाचे वाईट चिंतीत नाही, त्याचा तो विधी निव्वळ पोकळ आहे काय?

असे प्रश्न आले की आपल्या घरांतून दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. एक, ‘गप्प बस, अशा गोष्टी विचारू नयेत.’ दुसरे, त्यांच्या धर्माविषयी ऐकीव थट्टा. ही दोन्ही उत्तरे कुरआनच्या शिस्तीत बसत नाहीत. सूरह अन्कबूतमध्ये (29:46) ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच चर्चा करण्याची आज्ञा आहे, आणि समोरचा माणूस नेमके काय म्हणतो हे ठाऊक नसताना चर्चा उत्तम रीतीने होणे शक्य नाही. म्हणून या पाठात आधी त्यांचे म्हणणे त्यांच्याच बाजूने समजून घेऊ आणि मग आपल्या शिकवणीकडे वळू.

त्यांचे म्हणणे काय आहे

ज्याला आपण मुक्ती किंवा नजात म्हणतो, त्यासाठी मराठी ख्रिस्ती समाज ‘तारण’ हा शब्द वापरतो. त्यांच्या श्रद्धेनुसार आदमच्या अवज्ञेमुळे संपूर्ण मानवजात पतित झाली. ही अवस्था मनुष्याला आपल्या बळावर पालटता येत नाही. म्हणून ईश्वरानेच पुढाकार घेतला आणि हजरत ईसा (अ.) यांच्या वधस्तंभावरील मृत्यूने पापाची किंमत चुकती झाली, असे ते मानतात. थोडक्यात, तारण हे त्यांच्या मते माणसाची कमाई नसून ईश्वराचे कार्य आहे, आणि त्या कार्याला ते ‘कृपा’ म्हणतात.

आता प्रश्न उरतो तो असा की, दोन हजार वर्षांपूर्वी घडलेल्या घटनेची ही कृपा आज वसईच्या किंवा जालन्याच्या माणसापर्यंत पोहोचते कशी? संस्कार, म्हणजे साक्रामेंत, हे या प्रश्नाचे कॅथॉलिक उत्तर आहे. चौथ्या-पाचव्या शतकांतील धर्मगुरू ऑगस्टीन यांच्या विचारातून अशी समजूत रूढ झाली की संस्कार हे अदृश्य कृपेचे दृश्य चिन्ह होय. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस या डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू. त्यांच्याद्वारे मिळते ते न दिसणारे. बाराव्या शतकात पीटर लोंबार्ड यांनी असे सात संस्कार मोजले आणि ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये ती संख्या पक्की केली : स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, आजाऱ्यांना तैलाभ्यंग, धर्मगुरूपदाची दीक्षा आणि विवाह.

याच परिषदेने आणखी एक गोष्ट ठरविली, तिच्यावरून आपल्याकडे पुष्कळ गैरसमज होतो. संस्कार यथाविधी पार पडला की तो आपले कार्य करतो. करविणारा पाद्री स्वतः पापी असला तरी त्यामुळे संस्कार निष्फळ ठरत नाही. हे ऐकताच आपल्यातील काहीजण ‘म्हणजे ही जादूच झाली’ असे म्हणून मोकळे होतात. तसे नाही. त्यांचा युक्तिवाद असा आहे की देणारा ईश्वर आहे, पाद्री नव्हे; मग पाद्र्याच्या दोषाने ईश्वराचे दान का अडावे? शिवाय घेणाऱ्याने मनाचे दार बंद ठेवले तर फळ मिळत नाही, हेही ते सांगतात. आपल्या फिक्हमध्येही याला काहीसा समांतर विचार आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (र.) यांनी हज्जाजसारख्या जुलमी अधिकाऱ्यामागेही नमाज अदा केली, इमामाचे पाप इमामाच्या माथी, मुक्तदीची नमाज मुक्तदीची. साम्य येथेच संपते, कारण इमाम कोणालाही कृपा वाटीत नाही. पण दुसऱ्याच्या विचारातील तर्क ओळखण्यात कमीपणा नाही.

कॅथॉलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात या विषयावरचे एक विधान लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचा आशय असा : ईश्वराने तारण बाप्तिस्म्याशी जोडले आहे खरे, परंतु तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर 1964 मध्येच असे मान्य केले होते की ज्यांना आपला कोणताही दोष नसताना शुभवार्तेची ओळख झाली नाही, पण जे शुद्ध मनाने ईश्वराचा शोध घेतात, तेही तारण पावू शकतात. आणि त्याच दस्तऐवजात एका दयाळू ईश्वराची उपासना करणारे म्हणून मुसलमानांचा उल्लेख केला होता. तेव्हा ‘बाप्तिस्मा नाही तर तू नरकात’ असे एखादा सोबती आपल्या मुलीला म्हणाला, तर ते त्याच्या चर्चचे संपूर्ण म्हणणे नव्हे, एवढे तिला सांगता येईल.

प्रोटेस्टंट पंथीयांची गोष्ट वेगळी. मार्टिन ल्यूथर यांनी 1520 मध्ये सात संस्कारांच्या व्यवस्थेवरच आघात केला आणि अखेर बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच विधी राखले. तारण केवळ श्रद्धेने; विधी हे त्या श्रद्धेचे आश्वासन. पण प्रभुभोजनातील भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो की ती केवळ आठवण आहे, यावरून ल्यूथर आणि झ्विंग्ली यांचे 1529 मध्ये मारबुर्ग येथे बिनसले ते बिनसलेच. मुक्तिफौज नावाचा पंथ याच्याही पुढे गेला. 1882 मध्ये मुंबईत आलेल्या आणि अहिल्यानगरच्या बूथ रुग्णालयामुळे आपल्याकडे अनेकांना माहीत असलेल्या या पंथाने 1883 पासून हे दोन्ही विधी बंदच केले. नावातच मुक्ती आणि बाप्तिस्मा मात्र नाही! ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ या वाक्याने सुरू होणारे आपले बोलणे किती सावध असावे, हे यावरून दिसेल.

मराठी भूमीतील तीन आयुष्ये

हा वाद रोम आणि जर्मनीपुरता राहिला नाही. आपल्या मराठवाड्याच्या इतिहासातच त्याचा एक ठळक प्रसंग आहे. जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारणारे नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. 1843 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. पण त्याचा बाप्तिस्मा होण्यापूर्वी प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला गेला. मग मुंबईच्या हिंदू समाजात प्रश्न उभा राहिला : मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या मुलाला जातीत परत घ्यावे काय? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे अशी बाजू घेतली आणि त्यावरून मोठे वादंग झाले. एकाच घरातील दोन भाऊ. एकावर पाणी पडले होते, दुसऱ्यावर नव्हते. आणि तेवढ्यावर एकाची वाट कायमची निराळी झाली, दुसऱ्यासाठी परतीचे दार निदान ठोठावता आले. मिशनच्या दृष्टीने त्या पाण्याचा अर्थ तारण होता. जातीच्या दृष्टीने त्याच पाण्याचा अर्थ मृत्यू होता. विधी माणसाच्या अंतरंगात काय करतो हे अल्लाह जाणे; समाजात तो काय करतो हे मात्र येथे उघड दिसते.

दुसरे आयुष्य पंडिता रमाबाईंचे, आणि आपल्या विषयासाठी ते सर्वांत बोधक आहे. संस्कृतच्या या विदुषीने 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे आपल्या लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या मंडळींना वाटले, काम झाले. परंतु रमाबाईंची बुद्धी विधीनंतरही जागीच होती. त्रैक्याचा सिद्धान्त, अथनेशियसच्या नावाने चालत आलेला मतांगीकार, हजरत ईसा (अ.) यांचे ईश्वरत्व यांविषयी त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि इतरांशी जो पत्रव्यवहार केला, तो 1977 मध्ये मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. बायबलमध्ये जे त्यांना स्वतःला आढळत नव्हते, ते केवळ चर्च सांगते म्हणून स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. ती पत्रे वाचताना मुस्लिम वाचकाला अनेक ठिकाणी आपलेच प्रश्न भेटल्यासारखे वाटते. त्या इस्लामच्या जवळ आल्या होत्या, असा दावा मात्र कोणी करू नये. पुढे त्या दृढ ख्रिस्ती झाल्या आणि केडगावचे मुक्ती मिशन हेच त्यांचे जीवितकार्य ठरले.

आपल्या उपयोगाची गोष्ट पुढे आहे. 1907 मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त मिळालेला नाही. याच काळात त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन आले होते. तो तर वर्षानुवर्षे इतरांना संस्कार देणारा मनुष्य. पण आपलाच अंतरात्मा कोरडा आहे, हे त्याला आपल्याच चर्चमध्ये उपदेश करताना जाणवले होते. संस्कार झाला, नाव नोंदले गेले, आणि तरी काहीतरी राहिले. हा अनुभव एका अत्यंत प्रामाणिक ख्रिस्ती स्त्रीने स्वतः नोंदविला आहे. त्याचा उपयोग तिच्या धर्माला खिजविण्यासाठी करणे क्षुद्रपणाचे होईल. शहादा उच्चारून, खतना होऊन, मुसलमान म्हणून नाव लागूनही हृदयाला ईमानचा स्पर्श न होणे ही स्थिती कुरआनला अपरिचित नाही. सूरह हुजुरातमध्ये (49:14) वाळवंटातील अरबांना हेच बजावले आहे की त्यांनी अधीनता पत्करली आहे, ईमान मात्र अद्याप त्यांच्या अंतःकरणात उतरलेले नाही.

तिसरे नाव कवी नारायण वामन टिळक यांचे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी ताटातूट झाली; लक्ष्मीबाईंनी पुढे 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. ज्या विधीसाठी टिळकांनी एवढे मोल दिले, त्याचे स्थान त्यांच्या मनात अखेरीस काय होते? 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. 1919 मध्ये ते वारले. विधी हे दार आहे की भिंत, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती मनालाही छळत होता, याचा हा पुरावा.

कुरआन काय सांगतो

बाप्तिस्म्याचा नामोल्लेख कुरआनमध्ये नाही. तथापि एका आयतीचा रोख तिकडे असल्याचे जुन्या भाष्यकारांनी सांगितले आहे. सूरह बकरहमधील (2:138) ‘सिब्गतुल्लाह’ म्हणजे अल्लाहचा रंग. सिब्ग म्हणजे रंगात बुडविणे. तबरी आणि जमख्शरी सांगतात की ख्रिस्ती लोक आपल्या मुलांना पाण्यात बुडवून ‘आता हा खरा ख्रिस्ती झाला’ असे म्हणत, आणि जमख्शरींच्या नोंदीप्रमाणे ते पाणी पिवळसर असे. त्या पार्श्वभूमीवर आयत विचारते की अल्लाहच्या रंगाहून उत्तम रंग कोणाचा? हा रंग एका दिवसाच्या विधीने चढत नाही. रंगाऱ्याच्या पिंपात कापड एकदा बुचकळले की काम संपते. येथे ईमान, उपासना, व्यवहार यांत रोज बुडावे लागते.

प्रभुभोजनाविषयीही असेच. सूरह माइदहचे नावच त्या प्रसंगावरून पडले आहे. हवारींनी हजरत ईसा (अ.) यांच्याकडे आकाशातून अन्नाचे ताट उतरावे अशी विनंती केली, मन निश्चिंत व्हावे एवढा त्यांचा हेतू होता. ईसा (अ.) यांनी ते मागणे अल्लाहपुढे ठेवले आणि हा प्रसंग सर्वांसाठी ईद ठरावा अशी प्रार्थना केली. अल्लाहचे उत्तर वचनाबरोबर इशारा देणारे होते : यानंतरही जो नाकारील त्याची शिक्षा असाधारण असेल (5:112-115). येथे अन्न आहे, कृपा आहे, चिन्ह आहे. परंतु ते अन्न कोणाच्या देहाचे व रक्ताचे रूप घेत नाही, आणि देणारा एकटा अल्लाह, ईसा (अ.) स्वतः मागणाऱ्यांच्या रांगेत उभे आहेत.

खरा मतभेद मात्र पाणी किंवा भाकर यांच्याविषयी नाही. तो त्यांच्या आधी, आदम (अ.) यांच्या गोष्टीत आहे. कुरआननुसार आदमकडून चूक झाली, त्यांना आपल्या पालनकर्त्याकडून क्षमायाचनेचे शब्द शिकायला मिळाले, त्यांनी तौबा केली आणि ती स्वीकारली गेली (2:37). प्रकरण तेथेच मिटले. खाते बंद झाले असेल तर वारसांवर थकबाकी कुठून येणार? कोणीही भार वाहणारा दुसऱ्याचा भार वाहणार नाही, हा नियम कुरआनने पुनःपुन्हा सांगितला (6:164, 17:15, 53:38). मूळपाप नसेल तर ते धुणारे पाणीही नको, आणि ते फेडण्यासाठी दुसऱ्याचे बलिदानही नको. ख्रिस्ती संस्कारव्यवस्था आपल्या पायावर सुसंगत आहे, हे मान्य करावे. आपण तो पायाच स्वीकारीत नाही.

पाठोपाठ मध्यस्थाचा प्रश्न येतो. पापनिवेदनाच्या संस्कारात कॅथॉलिक मनुष्य पाद्र्यापुढे आपले पाप बोलून दाखवितो आणि पाद्री ख्रिस्ताच्या नावाने क्षमा जाहीर करतो; ऐकलेले तो प्राण गेला तरी कोणास सांगू शकत नाही, हा त्यांचा नियम निःसंशय आदरणीय आहे. इस्लामची रीत उलट आहे. अल्लाहने झाकलेले पाप मनुष्याने स्वतः उघडे करू नये, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले (बुखारी, मुस्लिम). दोन माणसांमध्ये अन्याय झाला असेल तर ज्याचे नुकसान केले त्याच्यापाशी जावे, हक्क परत करावा; उरलेले थेट अल्लाहपाशी. अल्लाहशिवाय पापांची क्षमा करणारा कोण, असा प्रश्न सूरह आले इम्रान (3:135) विचारते.

नव्व्याण्णव खून केलेल्या माणसाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे (बुखारी, मुस्लिम). त्यातील एक तपशील सहसा निसटतो : तो आधी गेला तो एका राहिबाकडे, म्हणजे मठवासी संन्याशाकडे. राहिबाने ‘तुला क्षमा नाही’ असे सांगितले आणि तोही प्राणास मुकला. मग एका जाणत्याने त्याला सांगितले की तुझ्या आणि तौबेच्या मध्ये कोण येऊ शकतो? त्याने त्याला वाईट वस्ती सोडून चांगल्या लोकांच्या गावी जाण्यास सांगितले, वाटेतच मृत्यू आला आणि दयेच्या फरिश्त्यांनी त्याला नेले. या कथेत राहिब दुष्ट नव्हता. दार आपल्या हातात आहे असे समजून त्याने ते बंद केले, एवढीच त्याची चूक. जाणत्या माणसाने दार उघडले नाही. ते उघडेच आहे, एवढे दाखविले.

आपल्या घरात डोकावताना

येथपर्यंतचे वाचून समाधान वाटले असेल तर थोडे थांबा. राहिबाची ती समजूत आपल्या घरांतही वावरते.

वुजूच्या पाण्याबरोबर पापे गळून पडतात, ही हदीस सहीह आहे (मुस्लिम). दारापुढून वाहणाऱ्या नदीत दिवसातून पाच वेळा स्नान करणाऱ्याच्या अंगावर मळ राहील काय, असे विचारून प्रेषितांनी (स.) पाच नमाजांची उपमा दिली (बुखारी, मुस्लिम). गोदाकाठच्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा ‘तुमच्याकडेही पाणी पाप धुते की’ हा आपल्या मुलीच्या मैत्रिणीचा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की येथे पाणी हे कृपेचे वाहन नाही, आज्ञापालन हे निमित्त आहे. म्हणूनच पाणी नसेल तर स्वच्छ मातीने तयम्मुम होतो. ते देणारा अधिकृत पुरुष नाही. आणि ही क्षमा मोठ्या पापांपासून दूर राहण्याच्या अटीवर आहे, असे दुसऱ्या हदीसमध्ये स्पष्ट केले आहे (मुस्लिम). कुर्बानीविषयी तर सूरह हजने (22:37) शब्द मोजून सांगितले आहे की मांस किंवा रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ते तकवा. हजरे-अस्वदचे चुंबन घेताना हजरत उमर (र.) यांनी त्याला उद्देशून म्हटले की तू दगड आहेस, तुझ्याने हित वा अहित होत नाही, प्रेषितांना (स.) चुंबन घेताना पाहिले नसते तर मीही घेतले नसते (बुखारी). इस्लाममधील सर्व विधी या एका वाक्याच्या प्रकाशात पाहावेत. जो मनुष्य भावाची जमीन दाबून उमऱ्याला जातो आणि धुऊन आलो असे समजतो, त्याने हजरत उमर (र.) यांचे ऐकलेले नाही.

सर्वांत कोवळा विषय बालकांचा. प्रसूतीनंतर काही घटकांतच बाळ दगावते. कानात अजान द्यायची राहिलेली असते, अकीका नाही, नाव नाही. मग घरातील एखादी वडीलधारी बाई हळूच विचारते, ‘अजान झाली होती का?’ आणि ती विचारणा आईच्या मनात काट्यासारखी रुतून राहते. वर्षानुवर्षे. आपल्या भागातील कितीतरी मातांनी हे ओझे कोणाला न सांगता वाहिले आहे.

ख्रिस्ती जगानेही याच प्रश्नाशी दीर्घ काळ झुंज दिली. बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकाचे काय, यावर ऑगस्टीन यांचे मत कठोर होते. नंतरच्या विद्वानांनी अशा बालकांसाठी ‘लिंबो’ नावाची, दुःख नाही पण पूर्ण आनंदही नाही अशी अवस्था कल्पिली. अखेर 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. विधी आवश्यक मानला की हा पेच अटळपणे येतो, आणि त्यांनी तो दयेच्या बाजूने सोडविण्याचा प्रयत्न केला, हे आपण मोकळेपणाने म्हणावे.

इस्लाममध्ये हा पेच मुळातच नाही. प्रत्येक बालक फितरतवर, निर्मळ प्रकृतीवर जन्मते (बुखारी, मुस्लिम). अजान ही त्याच्या कानात पडणारी पहिली चांगली हाक आहे, मुस्तहब आहे; ती बाळाला मुसलमान ‘करीत’ नाही. अकीका ही कृतज्ञता आहे. दोन्ही राहिल्याने बाळाचे काही उणे होत नाही. हजरत समुरा इब्न जुन्दुब (र.) यांनी सांगितलेल्या दीर्घ स्वप्नाच्या हदीसमध्ये प्रेषितांना (स.) एका हिरव्यागार बागेत हजरत इब्राहीम (अ.) दिसले आणि त्यांच्याभोवती बालकेच बालके. ती फितरतवर मृत्यू पावलेली मुले होती (बुखारी). दुसऱ्या एका प्रसंगी प्रेषितांनी (स.) स्त्रियांना सांगितले की जिची तीन मुले आधी गेली, तिला ती नरकाग्नीपासून आड करतील. एकीने विचारले, दोन असतील तर? उत्तर आले, दोन असली तरी (बुखारी). तेव्हा ज्या भगिनीने अशी विचारणा ऐकून घेतली असेल, तिने हे निश्चित जाणावे की तिचे बाळ कोणत्याही विधीच्या अभावी अडून राहिलेले नाही. आणि ज्या वडीलधाऱ्या स्त्रियांना ती विचारणा सवयीने सुचते, त्यांनी ती यापुढे कृपा करून गिळून टाकावी.

अखेरच्या क्षणीही असेच होते. मरणाऱ्याजवळ कलिमा म्हणावा, ही सुन्नत आहे. ती त्याला आठवण देण्यासाठी आहे, परवाना देण्यासाठी नाही. रस्त्यावरच्या अपघातात, अतिदक्षता विभागात नळ्या लावलेल्या अवस्थेत ज्याचे ओठ हलू शकले नाहीत, त्याच्या ईमानवर शंका घेण्याचा अधिकार कोणासही नाही. ख्रिस्ती लोकही शुभवर्तमानातील त्या चोराची आठवण काढतात, ज्याला त्यांच्या ग्रंथानुसार वधस्तंभावरच, बाप्तिस्म्याविना, स्वर्गाचे वचन मिळाले. वधस्तंभाविषयी कुरआनचे म्हणणे वेगळे आहे (4:157). पण ते उदाहरण ज्या आशेने सांगितले जाते, ती आशा आपल्याला परकी नाही.

मग आपले कर्म, आपल्या नमाजा, आपले रोजे यांचे मोल काय? प्रेषितांनी (स.) सांगितले की कोणालाही त्याचे कर्म जन्नतमध्ये नेणार नाही. साथींनी विचारले, आपल्यालाही नाही? ते म्हणाले, मलाही नाही, अल्लाहने आपल्या दयेने मला झाकून घेतल्याशिवाय (बुखारी, मुस्लिम). ‘इस्लाममध्ये माणूस स्वतःच्या कर्मावर तरतो, आमच्यात कृपेवर’ असा जो फरक काही ख्रिस्ती प्रवचनांत सांगितला जातो, तो या हदीसपुढे टिकत नाही. तारण अल्लाहचेच कार्य आहे, हे दोघेही मानतात. ती दया आपल्यापर्यंत पोहोचण्यासाठी बलिदान, चर्च आणि पाद्री यांची साखळी लागते की ती मागणाऱ्यापर्यंत थेट येते, येथे वाटा वेगळ्या होतात. सूरह जुमरने (39:53) स्वतःवर अत्याचार केलेल्या दासांना निराश होऊ नका असे सांगताना मध्ये कोणालाही उभे केलेले नाही.

आता व्यवहाराचे थोडे. ख्रिस्ती सोबत्याच्या घरी बाळाचा बाप्तिस्मा किंवा लग्न असेल आणि आमंत्रण आले, तर भेटीला, जेवणाला, अभिनंदनाला जाण्यात संकोच नसावा; ग्रंथधारकांचे अन्न कुरआनने अनुमत केले आहे (5:5), अर्थात मद्य आणि डुकराचे मांस सोडून. चर्चमधील उपासनेत भाग घेणे मात्र आपले काम नव्हे. विशेषतः मिस्सामध्ये भाकर घेण्यासाठी रांग लागते तेव्हा, पुष्कळदा आपल्याकडचा पाहुणा प्रसाद समजून त्या रांगेत शिरतो. कॅथॉलिकांच्या नियमानुसार ती भाकर बाप्तिस्मा झालेल्या कॅथॉलिकालाच दिली जाते, आणि त्यांच्या लेखी ती अत्यंत पवित्र आहे. आपण जागेवर बसून राहिलो तर आपला तौहीदही राखला जातो आणि त्यांचा मानही. सीरतकार इब्न इस्हाक यांनी नोंदविले आहे की नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदीनेत आले तेव्हा त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि प्रेषितांनी (स.) त्यांना मस्जिदे-नबवीत प्रार्थना करू दिली. त्यानंतर चर्चा झाली, मतभेद स्पष्ट बोलले गेले, एकमत झाले नाही, आणि करार करून ते सुखरूप आपल्या गावी परतले.